एक क्रेट उधार

भिगवणला दोन भाऊ राहत होते, थोरला आणि धाकटा. गोष्टीपुरती एवढी नावं बास. थोरला उजनीची मासळी पुण्याला पोचवायचा. त्याच्याकडे जुनी बोलेरो पिकअप होती. धाकटा भादलवाडीच्या पेपर मिलमध्ये पाळीवर होता. पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत, पगाराची स्लिप मोबाइलमध्ये. या दोघांनी एकाच दिवशी, एकाच पंपावर, एकाच पोराकडे पेट्रोल-डिझेलच्या क्रेडिट कार्डाचा अर्ज भरला. धाकट्याला कार्ड मिळालं, थोरल्याला नाही. असं का झालं ते कळायला आधी थोरल्याचा धंदा बघितला पाहिजे.

उजनी धरण भीमेवर बांधलं ते सोलापूर जिल्ह्यात, पण त्याचं पाणी मागे मागे सरकत थेट भिगवणपर्यंत आलं. जमिनी गेल्या, गावं उठली, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी तिथं ज्वारी काढली त्यांच्यातल्या काहींनी पुढे त्याच जागेवर जाळी टाकली. हिवाळ्यात पुण्या-मुंबईची माणसं फ्लेमिंगो बघायला कुंभारगाव-डिकसळला येतात. मासे खायला मात्र बारा महिने येतात. या माशांचा लिलाव भिगवणच्या बाजारात होतो. ओल्या फरशीवर चिलापी, कटला, रोहू, मरळ असे ढीग वेगवेगळे पडतात. क्रेट काट्यावर चढतं, आडतदार भाव पुकारतो, कुणी बोट वर करतो, कुणी नुसती मान हलवतो, आणि तुम्ही बघेपर्यंत माल दुसऱ्याचा झालेला असतो. त्या घाईत नोटा कोण मोजणार? दिवाणजी वहीत नाव आणि आकडा लिहितो आणि पुढच्या क्रेटकडे वळतो.

थोरला एका दिवसात चाळीस-पन्नास हजारांचा माल असा शब्दावर उचलायचा आणि आठवड्याच्या हिशेबाला पैसे टाकायचा. वीसएक वर्षांत त्याचा एक हिशेब मागेपुढे झाला नव्हता. आई वारली त्या आठवड्यातही त्यानं मेहुण्याच्या हातून रक्कम पाठवली होती. आडतदार आबा नव्या गिऱ्हाइकाला त्याचंच उदाहरण द्यायचे. लिलाव झाला की बर्फ फोडून क्रेटमध्ये थर द्यायचा, ताडपत्री ओढायची आणि शंभरेक किलोमीटरवरचं पुणं गाठायचं, हा त्याचा रोजचा क्रम. जाऊन-येऊन पंधरा लिटर डिझेल, नव्वदच्या भावानं साडेतेराशे रुपये. महिन्याच्या पंचवीस खेपा धरल्या तर चौतीस हजारांच्या घरात.

पंपावर छत्रीखाली टेबल टाकून बसलेल्या पोरानं नेमका हाच आकडा हेरला.

“दादा, डिझेल तर रोज भरताच. कार्डावर भरा. शंभरामागं चार रुपये सुटतात.”

पोरगा खोटं बोलत नव्हता. तेल कंपन्या आणि बँका यांची अशी जोडकार्डं खरोखरच आहेत: इंडियन ऑइल आणि एचडीएफसी बँक, भारत पेट्रोलियम आणि एसबीआय कार्ड, हिंदुस्थान पेट्रोलियम आणि आयसीआयसीआय बँक. त्या त्या कंपनीच्या पंपावर इंधन भरलं की पॉइंट जमतात, आणि एरवी कार्डावर इंधन भरताना लागणारा एक टक्का सरचार्ज माफ होतो. नोटाबंदीनंतर डिसेंबर 2016 पासून सरकारी कंपन्यांच्या पंपांवर कार्डानं पैसे दिले की पाऊण टक्का सूट मिळायची; क्रेडिट कार्डांपुरती ती ऑक्टोबर 2019 पासून बंद झाली. थोरल्याला ती आठवत होती. त्यामुळे “आता चार टक्के” हे ऐकून त्याचे कान टवकारले. चौतीस हजारांवर चार टक्के म्हणजे साडेतेराशेच्या आसपास. महिन्याची एक खेप फुकट!

पोरानं विचारलं, “सॅलरी स्लिप?”

“मालक मी हाय. मला कोण स्लिप देणार?”

“मग इन्कम टॅक्सचं रिटर्न?”

तेही नव्हतं. पोराला दिवसाचे अर्ज मोजून दाखवायचे होते. त्यानं आधार आणि पॅनचा फोटो काढला आणि अर्ज पुढे सरकवला. पाठोपाठ धाकट्याचाही. त्याची स्लिप होती, मोटारसायकलचा आणि मोबाइलचा हप्ता वेळेवर फिटलेला होता. पंधरवड्यात त्याचं कार्ड कुरियरनं घरी आलं, साठ हजारांच्या मर्यादेचं. थोरल्याला मेसेज आला, अर्ज नामंजूर. तो हट्टाला पेटला. महिन्याभरात आणखी दोन बँकांकडे त्यानं अर्ज टाकले आणि दोन्हीकडून तेच उत्तर आलं.

शेवटी तो शाखेत जाऊन बसला. तिथल्या मॅडमनी त्याचा अहवाल काढून दाखवला. आपल्याकडे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. लोक सगळ्यांनाच सिबिल म्हणतात, कारण ती सगळ्यात जुनी, 2000 सालची. सिबिलचा गुण 300 ते 900 यांच्यात असतो आणि साडेसातशेच्या वर असला की बँका सहसा खुशीनं दार उघडतात. थोरल्याचा गुण कमी नव्हता. तो नव्हताच.

“तुम्ही कधी कर्ज काढलंच नाही, असं दिसतंय.”

“काढलं की! पतसंस्थेचं काढलं, फेडलं. गाडी रोखीनं घेतली. बाजारात रोज पन्नास हजार उधार असतंय.”

मॅडमनी शांतपणे सांगितलं की गावातल्या बऱ्याच छोट्या पतसंस्थांच्या नोंदी या कंपन्यांपर्यंत पोचत नाहीत, आडतदाराची वही तर नाहीच नाही. रोखीचा व्यवहार म्हणजे कर्ज नव्हे, आणि यूपीआयनं पैसे दिले तरी ते स्वतःच्याच खात्यातले असतात. मग त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. अख्ख्या कागदावर त्याच्या नावानं तीनच नोंदी होत्या: तीन बँकांनी त्याची चौकशी केल्याच्या. थोड्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी अर्ज टाकणारा माणूस बँकेला अडचणीतला वाटतो, हेही मॅडमनी सांगून टाकलं. वीस वर्षांच्या चोख व्यवहाराचा मागमूस नाही आणि महिन्याभराची धावाधाव तेवढी छापून आलेली. हे बघून कुणाचंही डोकं फिरेल, थोरल्याचंही फिरलं.

घरी येऊन तो बायकोपुढे तणतणला. “मला बेइमान ठरवलं!”

बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, “बेइमान न्हाई म्हणाले, वळखत न्हाई म्हणाले.” आणि थोड्या वेळानं, “आबांनी तुमाला पहिल्या दिवशी उधार दिलं हुतं का?”

नव्हतं दिलं. थोरला हे विसरून गेला होता. धंद्यात पडला तेव्हा मेहुण्याकडून दहा हजार घेऊन तो लिलावात मागच्या रांगेत उभा राहायचा. पैसे आधी, क्रेट नंतर. असे काही महिने गेले. मग एक दिवस आबा आपणहून म्हणाले, “आज एक क्रेट उधार घेऊन जा. परवा दे.” चिलापीचं क्रेट होतं. थोरला त्याच दिवशी पुण्याहून परतताना थेट आबांच्या घरी पैसे घेऊन हजर. आबांना त्याचं कौतुक वाटायच्या ऐवजी राग आला. “परवा म्हटलं की परवा. आज दिलंस तर मला काय कळणार तू वायदा पाळतोस का घाबरतोस?” पुढच्या खेपेला दोन क्रेट मिळाली. मग चार. पन्नास हजारांपर्यंत यायला कितीतरी पावसाळे गेले होते.

यातली गंमत अशी की घरात ज्याच्या नावावर नोंद होती ती व्यक्ती म्हणजे बायकोच. बचत गटातल्या बायकांनी मिळून एका वित्त संस्थेचं कर्ज घेतलं होतं. बर्फाच्या पेट्या त्यातूनच आलेल्या. हप्त्याच्या दिवशी गटाची बैठक भरायची आणि सगळ्यांच्या देखत पैसे मोजले जायचे. त्या हप्त्यांची नोंद सिबिलसारख्या कंपन्यांकडे जाते. नवऱ्याचा पन्नास हजारांचा रोजचा व्यवहार कुठेच नाही, आणि बायकोचा काही शेकड्यांचा हप्ता कागदावर ठळक. तिनं याची बढाई मारली नाही. फक्त म्हणाली, “बँकेचं बी एक क्रेट घ्या की.”

बँकेचं एक क्रेट म्हणजे मुदत ठेवीवरचं कार्ड. थोरल्यानं पंचवीस हजारांची ठेव ठेवली आणि तिच्यावर वीस हजारांच्या मर्यादेचं कार्ड घेतलं. त्यासाठी पगाराची स्लिप लागत नाही, कारण बँकेचा जीव ठेवीत सुरक्षित असतो. स्वतःचेच पैसे अडकवून स्वतःलाच उधार द्यायचं हा प्रकार त्याला आधी हास्यास्पद वाटला. पण आबांकडे तरी वेगळं काय झालं होतं? त्याच वर्षी बारामतीच्या एका कर सल्लागाराकडे जाऊन त्यानं पहिलं रिटर्न भरलं.

आता धाकट्याकडे वळू, कारण खरी शिकवणी त्याची झाली.

धाकट्याला कार्ड म्हणजे लॉटरी वाटली. त्याची स्वतःची मोटारसायकल महिन्याला खाऊन खाऊन किती पेट्रोल खाणार? मग त्यानं शक्कल काढली. ओळखीच्या पिकअपवाल्यांना तो सांगायचा, “माझ्या कार्डावर डिझेल भरा, मला रोख द्या.” त्यांना काय, डिझेल तेवढ्यालाच. याच्या हातात नोटा आणि खात्यात पॉइंट. पहिल्या महिन्यात त्यानं अठ्ठेचाळीस हजारांचं इंधन कार्डावर फिरवलं आणि पॉइंटांचा डोंगर बघायला ॲप उघडलं.

डोंगर नव्हता. त्याच्या कार्डावर महिन्याला दहा हजारांच्या इंधनापर्यंतच पॉइंट होते, सव्वातीन टक्क्यांनी. म्हणजे सव्वातीनशे रुपये. त्यापुढच्या अडतीस हजारांवर एक पैसा नाही. सरचार्ज मात्र अख्ख्या अठ्ठेचाळीस हजारांवर एक टक्का लागला, चारशे ऐंशी रुपये, आणि त्यातली माफी महिन्याला शंभर रुपयांपर्यंतच. तीनशे ऐंशी रुपये खिशातून गेले, वर जीएसटी. पंपावरचा पोरगा “चार रुपये सुटतात” म्हणाला होता, किती रुपयांपर्यंत सुटतात ते कागदावर बारीक अक्षरात होतं. म्हणजे एकही रुपया थकवायच्या आधीच धाकटा तोट्यात होता.

थकवला तो पुढच्या महिन्यात. पिकअपवाल्यांनी दिलेली रोख हातात खुळखुळत होती आणि घरात बारसं होतं. बिल आलं तेव्हा अठ्ठेचाळीस हजारांपैकी बरीचशी रक्कम मांडववाल्याकडे आणि आचाऱ्याकडे पोचलेली. बिलावर शेजारीच एक गोड आकडा होता: किमान देय रक्कम, दोन हजार चारशे. धाकट्यानं ती भरली आणि निश्चिंत झाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बिलावर इशारा छापावा लागतो की दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल. तो छापलेला होताच. पण बिलाच्या दुसऱ्या पानावर जाणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत.

त्याच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के होतं, म्हणजे वर्षाचे चाळीसच्या वर. आणि पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदतही उडते. भरलेल्या प्रत्येक डिझेलवर व्याज लागतं, तेही भरल्या दिवसापासून. दुसऱ्या बिलात व्याज आणि जीएसटी मिळून दोन हजारांच्या वर गेले. सव्वातीनशेच्या पॉइंटांसाठी! तिसऱ्या महिन्यात किमान रक्कमही चुकली. ती नोंद अहवालात गेली, आणि अहवालात मागच्या छत्तीस महिन्यांपर्यंतचा हिशेब महिन्यागणिक दिसतो.

आखाड लागला. श्रावणाआधी आपल्याकडे मासळी-मटणाची जी झुंबड उडते तिच्यात चार पैसे सुटतील, कार्डाचं तोंड बंद करू, असा धाकट्यानं बेत केला. मिलमधून रजा टाकली, भाड्याचा टेम्पो ठरवला आणि लिलावात जाऊन उभा राहिला. बोट वर केलं, माल त्याचा झाला, आणि दिवाणजी वहीत लिहायच्या ऐवजी आबांकडे बघत राहिला.

“रोख हाय का?” आबांनी विचारलं.

“आबा, मी थोरल्याचा भाऊ.”

“ते ठावं हाय मला. वहीत नाव तुझं लिहायचं हाय, त्याचं न्हाई.”

“दादा जामीन राहील.”

थोरला तिथंच होता, क्रेटला बर्फ लावत. सगळ्या बाजाराचं लक्ष त्याच्याकडे गेलं. त्यानं बर्फ लावणं थांबवलं नाही.

“मी न्हाई राहणार,” तो म्हणाला.

हे ऐकायला कठोर वाटतं, आणि गावात दोन-चार दिवस त्याच्याबद्दल तसं बोललंही गेलं. माझं मत विचाराल तर त्यानं योग्य केलं. बँकेत जामीनदार म्हणून केलेली सही कर्जदाराइतकीच बांधते; हप्ता बुडाला की जामीनदाराच्या अहवालावरही डाग पडतो. बाजारात तर कागदसुद्धा लागत नाही, शब्द गेला की गेला. आणि धाकट्याला त्या घडीला आणखी उधारी मिळाली असती तर त्यानं एक भोक बुजवायला दुसरं पाडलं असतं. आबांनी त्याला रिकाम्या हातानं पाठवलं नाही, खिशात होते तेवढ्या पैशांचं एक क्रेट दिलं. “आधी रोखीनं घे. मग एक उधार देईन. ते वेळेला आलं की दोन. तुझ्या भावाला बी असंच दिलं हुतं, विचार त्याला.”

रात्री थोरला बायकोला घेऊन धाकट्याच्या घरी गेला. जामीन राहिला नाही, पण हिशेबाला बसला. दोघांनी बिलं जमिनीवर पसरली आणि धाकट्याच्या बायकोनं कॅलक्युलेटरवर बेरजा केल्या. कारखान्याच्या कामगार पतसंस्थेत धाकट्याची वर्गणी कापली जात होती. तिथलं कर्ज कार्डाच्या व्याजाच्या निम्म्याहूनही स्वस्त पडत होतं. ते काढून कार्डाची सगळी बाकी एकदम फेडायची, कार्ड कपाटात ठेवायचं आणि पतसंस्थेचा हप्ता पगारातून परस्पर जाऊ द्यायचा, असं ठरलं. धाकट्याला कार्ड कात्रीनं कापायचं होतं. थोरल्याची बायको म्हणाली, “कार्डानं काय केलंय? त्याला काय पाय हायती पंपावर जायला?”

दुसरं रिटर्न भरून झालं त्या सुमाराला थोरल्यानं पुन्हा अर्ज केला, या वेळी एकाच बँकेकडे. ठेवीवरच्या कार्डाचं बिल त्यानं दर वेळी पूर्ण आणि मुदतीच्या तीन दिवस आधी भरलेलं होतं. आबांचा “परवा म्हटलं की परवा” हा नियम बँकेला लागू नाही, तिथं सुट्टी किंवा सर्व्हर आडवा येतो, हे तो शिकला होता. त्याच्या नावापुढे आता आकडा होता, आणि चांगला होता. इंधनाचं कार्ड मंजूर झालं.

पंपावर त्यानं आधी कार्ड पुढे केलं नाही, अटींचा कागद पुढे केला आणि मॅनेजरला शेजारी बसवून मर्यादा तपासल्या. धाकट्यासारखंच कार्ड होतं: दहा हजारांपर्यंत पॉइंट, शंभर रुपयांपर्यंत सरचार्ज माफी. सगळ्या पंचवीस खेपा कार्डावर टाकल्या असत्या तर सव्वातीनशे मिळून दोनशे चाळीस सरचार्जात गेले असते. तेव्हा त्यानं महिन्याच्या पहिल्या सात खेपाच कार्डावर भरायच्या ठरवल्या; साडेनऊ हजारांच्या आत बसतात, सरचार्ज पूर्ण माफ होतो. बाकीच्या खेपांसाठी मॅनेजरनं त्याला वाहनमालकांची कार्डं दाखवली: इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, हिंदुस्थान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस. त्यांत आपले पैसे आधी भरून ठेवता येतात, त्यामुळे सिबिलचा प्रश्नच येत नाही, आणि पॉइंट जमतात. छत्रीखालच्या पोरानं हे कधी सांगितलं नव्हतं. त्याला त्याचं कमिशन नसणार.

सगळं जुळून आल्यावर इंधनाच्या कार्डातून थोरल्याला महिन्याला तीनशेच्या थोडे वर सुटतात, वर्षाला साडेतीन हजारांच्या वर. वाईट नाही. पण साडेतेराशेची फुकट खेप त्याला कधीच मिळाली नाही, आणि ती मिळेल असं आता तो कुणाला सांगतही नाही. धाकट्याची बाकी फिटली आहे. आबांच्या वहीत त्याच्या नावापुढे सध्या दोन क्रेट आहेत.

वाचकांपैकी कुणी असा अर्ज भरायच्या बेतात असेल तर आधी स्वतःचा अहवाल काढावा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, 2017 पासून तशी सोय आहे. अर्ज फेटाळला गेला तर दुसऱ्या टेबलाकडे धावू नये, नकाराचं कारण लेखी मागावं. ते देणं बँकेवर बंधनकारक आहे.